झेललेलं संत्रं

धाकट्या जावेचा उजवा हात नेमका संत्रं तोडणीला आलं तेव्हाच लुळा पडला, आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वर्षभर धडधाकट असलेला हात कामाचा डोंगर उभा राहताच बरा गळून पडतो! पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी फोटो काढले, नसा तपासल्या आणि कुठंच काही दिसत नाही म्हणाले. मला हवं तेच ऐकायला मिळालं.

मी मुळात संशयी. दूधवाला माप घालतो तेव्हा माझी नजर त्याच्या अंगठ्यावर असते. मग जावेवर पहारा ठेवणं काय अवघड? ती वेणी कोणत्या हातानं घालते, मोबाइल कोणत्या हातात धरते, सगळं मी बघून ठेवायची. दुपारी झोपेत ती तो हात सहज कुशीत ओढून घ्यायची. हे मी सासूबाईंच्या कानावर लगेच घातलं.

हात लुळा पडण्याच्या चार महिने आधी तिचा भाऊ गेला होता. लोधीखेड्याच्या रस्त्यावर त्याच्या मोटरसायकलला ट्रकची धडक बसली, मागे ही बसलेली. दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत त्याचं डोकं तिनं उजव्या तळहातावर धरून ठेवलं होतं. हे ती सांगायची ते परगावची बातमी सांगावी तसं, डोळ्यांत टिपूस नाही. बोलता बोलता हरवायची, हाक मारली तरी ओ द्यायची नाही. सख्ख्या भावासाठी जी रडत नाही ती कसलंही सोंग करेल, असं मी ठरवून टाकलं.

बगिच्यात आम्ही बायका ढिगाभोवती बसून फळं निवडतो. बारीक निघालं की समोरच्या बाईकडे फेकायचं, ती ते टोपलीत टाकते. जावेला एका हातानं जमेल तेवढं काम दिलं होतं. एका दुपारी मी काही न बोलता एक संत्रं थेट तिच्या तोंडावर फेकलं. तिचा उजवा हात वर आला आणि त्यानं ते झेललं.

"पाहा आई," मी सासूबाईंना म्हटलं, "मी म्हणून राहिली होती ना?"

बायका हसल्या, मीही हसले. ती मात्र स्वतःच्या हाताकडे घाबरून बघत होती. मग बोटं सुटली आणि संत्रं घरंगळत गेलं. पकडली गेल्यावर माणसं असंच करतात, असं मला वाटलं.

पांढुर्ण्याच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिला नागपूरला मानसोपचारासाठी न्यायचं ठरलं होतं, ते रद्द झालं. दोन दिवसांनी स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. पोळी लागली म्हणून मी ओरडतच आत गेले. तिनं उजवा तळहात तापल्या तव्यावर टेकवला होता आणि ती त्याच्याकडे शांतपणे बघत होती. मी हात खेचून काढला.

"काही लागून नाही राहिलं, बाई," ती म्हणाली.

एवढं सोंग कुणी करत नाही.

दुसऱ्या दिवशी मीच तिला सौंसरहून नागपूरच्या बसनं घेऊन गेले. मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी आधी तिचं ऐकलं, मग माझं. मी मान खाली घालून संत्र्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. हात शाबूत आहे, पण हलवायचा म्हटलं की हलत नाही. लक्ष दुसरीकडे असलं की आपसूक हलतो. या आजाराची खूणच आहे ती. ती खोटं बोलत नाहीये." बरी होईल म्हणाल्या, पण वेळ लागेल. म्हणजे पुरावा मला बरोबर सापडला होता आणि अर्थ मी पार उलटा लावला होता.

परतताना सावनेर मागे पडलं तेव्हा मी तिला तव्याचं विचारलं.

"तुमी सगळ्या हसल्या ना बाई, तवापासून मलेच वाटून राहिलं होतं का मी नाटक करून राहिली," ती म्हणाली. "म्हणून पाहून घेतलं. खोटा असता तर चटका लागला असता ना."

मला रडू कोसळलं. तिचा पट्टी बांधलेला हात मी मांडीवर घेतला आणि सौंसर येईपर्यंत बोटांवरून नजर काढली नाही. हलतात का, हेच पुन्हा बघत होते. फक्त या वेळी ती हलावीत म्हणून.