मिनिटाची एक पट्टी

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यासाठी मी मेंदूच्या नोंदींची चित्रं काढणारा प्रोग्राम लिहिला होता. डोक्याला तारा लावून पेशंट रात्रभर झोपतो आणि सकाळी त्याची सगळी रात्र एका रंगीत चित्रात दिसते. आडवी वेळ, उभी लहरींची गती, आणि जिथे जोर जास्त तिथे रंग भडक. याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. मिरगीचा झटका आला असेल तर तिथे भडक रेघ उमटते. डॉक्टर आधी हे चित्र बघत आणि रेघ दिसेल तिथल्या मूळ लहरी वाचत.

सुरुवातीला हे चित्र उघडेपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा. आलेख काढणाऱ्या तयार कोडला, म्हणजे लायब्ररीला, मी दर सेकंदाचा प्रत्येक चौकोन वेगळा रंगवायला लावत होतो, आणि आठ तासांचे चौकोन लाखांच्या घरात. मग अक्कल आली. चौकोन सोडून सगळं चित्र एकच फोटो म्हणून पडद्यावर टाकलं, आणि मिनिटातल्या साठ सेकंदांची सरासरी काढून त्यांची एकच उभी पट्टी केली. चित्र चुटकीसरशी उघडू लागलं. डॉक्टरांनी पाठ थोपटली. घरी बायकोला दोनदा दाखवलं. ती दोन्ही वेळा नुसतं 'छान' म्हणाली, यावरही मी चिडलो. आपला तो बाब्या, दुसरं काय!

एका सकाळी दवाखान्यात तारा लावणाऱ्या बाईंचा फोन आला. बाई उमरेडच्या, विणकराच्या घरातल्या.

"भाऊ, सात वर्षांची पोरगी आहे इथं. तिची आई म्हणते पहाटे झटका आला. तुमच्या चित्रात तर काहीच नाही."

"मग नसेल आला. बटण दाबलं का तिने?" झटका आला की सोबतच्या माणसाने एक बटण दाबायचं असतं, म्हणजे नोंदीत खूण पडते.

"नाही दाबलं. पोरीचे दोन्ही हात धरून बसली होती म्हणते."

"आयांना सारखं काहीतरी वाटतच असतं हो," मी म्हणालो. ते वाक्य आठवलं की आजही कान गरम होतात.

बाईंनी आवाज चढवला नाही. "रात्र साफ गेली म्हणून डॉक्टर आज गोळी कमी करून राहिले. मग पोरगी गावाले जाईन. शेतात विहीर आहे, घरात चूल आहे. माझे बाबा मागावर लुगडी विणत. तुटलेला धागा दुरून दिसत नाही, म्हणून तो तुटलाच नाही असं थोडी असते? तुम्ही एकदा येऊन पाहा."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खरं सांगायचं तर बाईंना खोटं पाडायलाच मी स्कूटर काढली.

पोरगी पलंगावर पाय हलवत पोहे खात होती. आई तिच्याजवळ उभी. किती वाजता झटका आला ते तिला सांगता येईना. घड्याळ कुठे बघितलं होतं तिने? "खालच्या कँटीनचं शटर वाजलं, तेव्हाच," ती म्हणाली. कँटीन पाचला उघडतं, हे बाईंना माहीत होतं.

मी पाचच्या आसपासचे आकडे सरासरी न काढता, सेकंदासेकंदाने उघडले. आठ सेकंद लालभडक होते. मिनिटातल्या उरलेल्या बावन्न शांत सेकंदांत मिसळून माझ्या सरासरीने ते फिके करून टाकले होते. चूक मशीनची नव्हती, आईची नव्हती, माझी होती. तिथेच बसून मी एक ओळ बदलली. सरासरीऐवजी मिनिटातला सगळ्यात मोठा आकडा घेतला. आता पेशंटने दात खाल्ले, कूस बदलली तरी रेघ उमटणार होती, पण ती डॉक्टरांना ओळखता येते. चित्र पुन्हा काढलं. तितक्याच चटकन उघडलं, आणि पाचच्या जागी बारीक, ठळक रेघ होती.

डॉक्टर आले. त्यांनी मूळ लहरी वाचल्या आणि म्हणाले, "झटकाच आहे. गोळी आहे तेवढीच चालू ठेवू."

मला कोण आनंद झाला! चूक सापडली, वेग गेला नाही, पोरगी वाचली. आईला पडद्याजवळ बोलावून मी रेघेवर बोट ठेवलं. "हा बघा. तुमचंच बरोबर होतं."

तिने पडद्याकडे पाहिलं, मग पोहे खाणाऱ्या पोरीकडे.

"सकाळी बाई म्हणाल्या चित्रात काहीच नाही, तेव्हा मले लय बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "वाटलं, मीच चुकली असीन."

मी बोट काढून घेतलं.