चांदी व्हिडिओत नव्हती

बाजीची ही गोष्ट बाजीच्या पाठीमागे सांगायची सोय नाही. सांगणाऱ्याने दया येऊन त्यातला बाजीचा मूर्खपणा जरा कमी केला, तर त्याला ते खपत नाही. "अरं, मी त्येच्यापरीस लई येडा हुतो, नीट सांग की," असं म्हणून तो मध्येच घुसतो आणि स्वतःला आणखी दोन शिव्या घालून गोष्ट पुढे नेतो. तेव्हा इथे जे आहे ते त्यानेच ठरवलेल्या मापाचं आहे.

बाजी धनगर ताम्हिणीकडचा. भातं निघाली की मेंढरं घेऊन तो खाली कासार आंबोलीला उतरतो आणि जयसिंगच्या मोकळ्या खाचरात वाघर लावतो. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. मेंढरं रात्रभर तिथं बसतात, जयसिंगच्या रानाला खत मिळतं, मेंढरांना जागा मिळते. बाजीचा बाप जयसिंगच्या बापाकडे असाच यायचा आणि ही दोन पोरं एकाच ओढ्यात डुंबायची. पुढे एक जमीनवाला झाला, एक मेंढरांमागं राहिला; बाजी 'जयसिंगराव, तुमी' म्हणायला लागला आणि जयसिंग 'बाज्या' म्हणत राहिला. आता आजूबाजूची रानं विकली गेली, जिकडेतिकडे बंगले आणि तारेची कुंपणं. जयसिंगनेही कडेच्या तुकड्यावर बंगला बांधून शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना द्यायला काढलाय. पण खाचर त्याने बाजीसाठी मोकळं ठेवलं. ते गेलं तर मेंढरं कुठं बसवायची, याचं उत्तर बाजीकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही.

आता बाजीच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. त्याच्या घरात मेंढरं मोजत नाहीत. मोजली की दृष्ट लागते, असं त्याचा बाप सांगून गेला. मग संध्याकाळी आली किती, हे कळायचं कसं? तोंडावरून. वाघरीच्या तोंडाशी बाजी उभा राहणार, एकेक मेंढरू समोरून आत जाणार, आणि शेवटचं गेलं की बाजी म्हणणार, "आली समदी." किंवा, "कानकापी न्हाई आली." सगळी काळी मेंढरं, आपल्याला सगळी एकाच आईची वाटावीत, पण बाजी कधी चुकला नाही. पौड रस्त्याला त्याचं नाव होतं ते एवढ्यावरच.

दोन वर्षांपूर्वी दिवेलागणीला ही तोंडं एकमेकांत मिसळायला लागली. आधी वाटलं धूळ आहे, मग वाटलं धुकं आहे. उन्हाळ्यातही धुकं हटेना, तेव्हा बाजीला काय ते कळलं. पण सांगणार कुणाला? तोंडं ओळखणारा बाजी, त्याला तोंडं दिसत नाहीत! बायको बानूबाईलासुद्धा त्याने पत्ता लागू दिला नाही.

त्याच सुमारास मुलाने, सिद्धनाथने, नवा फोन घेतला आणि जुना बापाला दिला. बाजीने त्याचा असा उपयोग काढला की कंपनीवाल्यांनीही तोंडात बोट घालावं. मेंढरं आत जाताना तो वाघरीच्या तोंडाशी फोन धरून व्हिडिओ घ्यायचा. मग खोपीत बसून, उजेड पूर्ण वाढवून, फोन नाकाला लावून, थांबवत थांबवत एकेक तोंड बघायचा. पाच मिनिटांनी बाहेर येऊन रुबाबात सांगायचा, "आली समदी!" कुणी विचारलं तर, "रेकॉड ठेवतुया, आजकाल लागतं."

आणि घेतलेला एकही व्हिडिओ त्याने कधी काढून टाकला नाही. जितं जनावर असं बोटाने पुसायचं? मनाला पटेना. विकलेली, मेलेली, बिबट्याने ओढलेली मेंढरंसुद्धा त्या फोनात रोज संध्याकाळी घरी येत होती.

पौष महिन्यातला रविवार. बाजीने नेहमीसारखा व्हिडिओ घेतला, खोपीत बसला, लावला. कानकापी गेली, भुरी गेली, मुरडी आली, आणि मुरडी एक पाय वर उचलून थांबली. घंट्यांचा आवाज चालू, मुरडी जागची हलेना. मग एकदम उडी, आणि पडद्यावर पार शेवटची कोकरं. मधली मेंढरं गायब. बाजीने पुन्हा लावला. पुन्हा मुरडी एका पायावर.

आता त्याने उपाय सुरू केले. फोन मांडीवर आपटला. धोतराच्या सोग्याने पुसला. पाठीत फुंकर मारली. ज्वारीच्या पिठाच्या डब्यात घालून झाकण लावलं, कारण भिजलेला फोन धान्यात ठेवतात एवढं त्याने ऐकलं होतं. फोन भिजलेला नव्हता आणि पीठ म्हणजे धान्य नव्हे, ही गोष्ट वेगळी. शेवटी रेंज नसेल म्हणून धापा टाकत मागच्या टेकाडावर चढला आणि फोन वर धरून उभा राहिला. व्हिडिओ फोनच्याच पोटात आहे, त्याला रेंज काय करायची, हे त्याला सून सोनियाने नंतर सांगितलं. टेकाडावर एवढंच झालं की फोन तव्यासारखा तापला आणि व्हिडिओ अडकत अडकत का होईना, थोडा पुढे सरकला. मधली पाच-सात तोंडं तुकड्यातुकड्यांनी दिसली. त्यांत चांदी नव्हती.

चांदी म्हणजे त्याची लाडकी मेंढी. अख्खी काळी, कपाळावर पांढरा ठिपका. तिला बाजीने बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं.

"बाने, चांदी न्हाई!"

"अवं, आत जाऊन बघा की," बानूबाई चुलीपुढून म्हणाली.

"बघितलं."

बघितलं म्हणजे काय, तर जाळीवरून डोकं आत घातलं होतं. अंधारात काळी मेंढरं. ढगात डोकं घातलं असतं तरी तेवढंच दिसलं असतं.

आणि त्याच वेळी जयसिंगच्या बंगल्याकडून वारा आला, मटण भाजल्याच्या वासाचा. बाजीच्या डोक्यात जे पेटलं ते पेटलंच. फोन खिशात टाकून, काठी घेऊन तो तडक बंगल्यावर गेला. अंगणात पुण्याची आठ-दहा माणसं शेगडीभोवती बसलेली, जयसिंग त्यांना ताटं देत होता.

"जयसिंगराव, माजी चांदी कुटं हाय?"

"कसली चांदी?"

"मेंढी! ही तुमची पाव्हनी खात्यात ती!"

एका बाईच्या हातातला तुकडा तसाच राहिला. जयसिंगने ताट खाली ठेवलं. "बाज्या, मटण पौडवरनं आनलंय. शुद्धीवर हायेस का?"

"पुरावा हाय माज्याकडं. व्हिडिओ!" बाजीने फोन काढला, सगळ्यांसमोर धरला आणि व्हिडिओ लावला. पडद्यावर मुरडी एक पाय वर करून उभी राहिली. पाहुणे वाकून बघत राहिले. मुरडी काही हलेना. मागून एक पाहुणा फस्सकन हसला, आणि त्या हसण्याने बाजीची उरलीसुरली अक्कल गेली. तो म्हणाला, "बाप तुमचा असा न्हवता, जयसिंगराव. त्येनं धनगराचं मेंढरू चोरून पाव्हण्याला घातलं नसतं."

जयसिंगने हात पुसले. मग हळू आवाजात म्हणाला, "उद्या तुजी वाघर उचल. पुन्हा हितं दिसू नगंस."

बाजी खोपीवर आला तेव्हा सोनिया कामावरून परतली होती. ती पलीकडच्या बंगल्यांत धुणीभांडी करते, आणि तिथल्या बायकांचे फोन बघून बघून हुशार झालेली. बाजीने सगळं सांगितलं. तिने आधी कपाळाला हात लावला आणि मग फोन मागून घेतला.

"मामा, ह्येला पीठ कशाचं लागलंय?"

"ते राहू दे. अडकतोय का ते बघ."

तिने फोनचं जाड कव्हर काढलं. "केवढा तापलाय! ह्येला जरा गार होऊ द्या." मागे उघडी राहिलेली सतरा ॲपं बंद केली. मग फोनमध्ये जागा किती उरली ते बघायला गेली आणि थबकली. "मामा, जागाच न्हाई ह्येच्यात. नुसतं व्हिडिओ. सातशे बारा..."

"गप!" बाजी ओरडला. "मोजू नगंस!"

"मी न्हाई मोजलं, फोनच मोजतोय."

आपण जन्मभर मेंढरं मोजायची टाळतोय आणि दोन वर्षं छातीशी बाळगलेला हा कार्टा गुपचूप मोजत बसलाय, हे कळल्यावर बाजीचं तोंड बघण्यासारखं झालं. सोनिया समजावत राहिली, की फोन गळ्यापर्यंत भरलाय, वर तुम्ही व्हिडिओ घेता सगळ्यात मोठ्या क्वालिटीवर, म्हणून चालवताना त्याचा दम कोंडतो. जुने काढावे लागतील.

बाजीने फोनवरून एकदा अंगठा फिरवला. त्यात त्याची मेलेली म्होरकी मेंढी होती, तिची चाल होती. मग म्हणाला, "काढ. मला दावू नगंस."

सोनियाने त्याच्याकडे पाठ फिरवून व्हिडिओ काढून टाकले. फोन बंद केला, थंड होऊ दिला, पुन्हा चालू केला आणि आजचा व्हिडिओ लावला. मुरडीने उचललेला पाय खाली ठेवला आणि ती सरळ आत गेली. तिच्या मागून चांदी आली. नुसती आली नाही, वाघरीच्या तोंडाशी थांबली आणि कपाळावरचा ठिपका दाखवत थेट फोनकडे बघत राहिली.

तोवर बानूबाई उठून वाघरीत गेली होती. तिने चांदीला कानाला धरून बाहेर आणलं आणि नवऱ्यापुढे उभं केलं. "घ्या, तुमची चोरीला गेल्याली," ती म्हणाली आणि आत जाऊन सामान बांधायला लागली.

सकाळी बाजी जयसिंगच्या ओसरीपुढे उभा राहिला. बस म्हणालं कुणी नाही. सोनियाने शिकवलेलं सगळं त्याने घडाघडा सांगून टाकलं: फोन भरला होता, तापला होता, क्वालिटी मोठी होती, मधले तुकडे उडाले, चांदी सापडली, चूक झाली. जयसिंग चहा पीत ऐकत होता.

"फोनचं कळलं," तो म्हणाला. "तुजं काय?"

"म्हंजी?"

"व्हिडिओ अडकला, मान्य. पन मेंढी वाघरीतच हुती न्हवं? जन्मभर तोंडं ओळखनारा तू. चार पावलं आत जाऊन बघितलं का न्हाईस?"

रेकॉड, धूळ, धुकं, ही सगळी जुनी उत्तरं बाजीने बाजूला ठेवली. त्याने काठी दोन्ही हातांनी धरली.

"दिसत न्हाई रे, जयसिंग," तो म्हणाला. "दोन वरसं झाली. तुजं तोंड बी दिसत न्हाई."

'राव' गळालं होतं, 'तुमी' गळालं होतं. दोघांनाही ते कळलं. जयसिंगने कप खाली ठेवला.

"दिवाळीत माज्या मेव्हण्याला तू 'जयसिंगराव, रामराम' केलास, तवाच मला शंका आली हुती," तो म्हणाला. "मोतीबिंदू असंल. माजा मागल्या साली काढला. उद्या मंगळवार, पौडला डोळ्याच्या डाक्टरकडं चल माज्यासंगं." मग म्हणाला, "बापाचं काढलंस ते मात्र लई लागलं."

"लागनारच. चुकलं माजं."

बाजी तिथंच रडला. हे तो गोष्टीत कधी गाळत नाही. उलट, नाकातून पाणी आलं हेही सांगतो. पण वाघर उचलायची की नाही, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही. दिवसभर मेंढरं चारली. बानूबाईने बांधलेली बोचकी सोडली नाहीत. पुढे कुठं जायचं याचा विचार करकरून बाजीचं डोकं शिणलं, आणि कुठलंही रान सापडलं नाही.

दिवेलागणीला मेंढरं खाचरात परत आली, कारण त्यांना दुसरी जागा माहीत नव्हती. वाघरीच्या तोंडाशी कुणीतरी उभं होतं. बाजीला नुसता पांढरा सदरा दिसला.

"फोन खिशात ठेव," जयसिंगचा आवाज आला. "मी बघतो, तू सांग. ही आली बघ, काळी."

"समद्याच काळ्या हायेत. तोंड सांग."

"तोंड बी काळंच हाय की!"

बाजी पुढे झाला आणि जाणाऱ्या मेंढीच्या डोक्यावर हात ठेवला. "ही कानकापी." पुढची. "भुरी." तिच्या मागची लंगडत आली. "मुरडी, हिनंच घात केला माजा." एकेक डोकं हाताखालून जात राहिलं आणि बाजीचा हात चुकला नाही. जयसिंग उगाच मध्ये मध्ये नावं ठोकत होता, सगळी चुकीची.

एकाएकी तो ओरडला, "बाज्या, आली रं! पाव्हण्यांनी खाल्लेली आली!"

बाजीच्या हाताला चांदीचं कपाळ लागलं. तो आधी हसला आणि मग हसता हसता त्याला ठसकाच लागला. चांदी आत गेली, मागून कोकरं गेली.

"आली समदी," बाजी म्हणाला.

जयसिंग खाली वाकला आणि त्याने वाघरीचं तोंड आपल्या हाताने बांधून टाकलं.