तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं

नवरा गेल्यावर थेल्मा रुस्तादनं मिनेसोटातलं आपलं शेत आणि घर चर्चच्या कॉलेजला देऊन टाकलं. बदल्यात कॉलेज तिला मरेपर्यंत वर्षासन देणार होतं. कराराप्रमाणे ती जिवंत आहे तोवर शेत-घर त्या वर्षासनाला तारण, कॉलेजला ते विकता यायचं नाही.

कॉलेजतर्फे सही घ्यायला प्रेस्कॉट आला होता, टेक्सासचा गोडबोल्या माणूस. घरात पुढेही राहायचंय का, असं त्यानं विचारलं. थेल्मा म्हणाली, छे, उगीच तुम्हाला कशाला त्रास. आम्हा इथल्या नॉर्वेजियन वंशाच्या लोकांत साधी कॉफीसुद्धा कुणी पहिल्या विचारण्याला घेत नाही. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा ‘बरं, अर्धा कप’. या भल्या गृहस्थानं पहिलाच नकार खरा धरला आणि कागदावर उतरवून मोकळा झाला. आता हे त्याला कोण शिकवणार!

थेल्मा गावात भाड्याच्या दोन खोल्यांत आली. वर्षासन बिनबोभाट येई. घराला मात्र कुलूप. चर्चमधून परतताना शेजारी ऑर्लिन मुद्दाम त्या घरावरूनच गाडी घेई आणि ती दुसरीकडे बघत बसे. नाताळात कॉलेजवाले फोनवर तब्येत विचारत. आपण कधी एकदा जातो याचीच ही चौकशी, असं तिला वाटे. जगण्याचाच शीण आला होता तिला.

यंदा बर्फ वितळल्यावर प्रेस्कॉट पुन्हा आला. ऑर्लिन थेल्माकडेच कॉफी पीत बसला होता. प्रेस्कॉट म्हणाला की बंद घर खराब होतंय, छप्पर गळतंय, तर तुम्हीच परत राहायला जाल का?

“नको हो. या वयात कुठे आता,” थेल्मा म्हणाली.

प्रेस्कॉटनं टोपी उचलली. ऑर्लिननं त्याची बाही धरली. “बस खाली. परत विचार.”

त्यानं परत विचारलं. तुम्हाला उगीच खर्च, असं ती पुटपुटली.

“अजून एकदा,” ऑर्लिन म्हणाला.

प्रेस्कॉट पुरता गोंधळला होता, तरी त्यानं विचारलं.

“तुम्ही एवढं म्हणताच आहात तर जाते,” थेल्मा म्हणाली. मग तिला रडू आवरेना. “चार वर्षं लावलीत हो तुम्ही विचारायला.”