दुसऱ्या खाचेतली पट्टी

आमच्या संस्थेचा ईमेल सर्व्हर मी बिघडवला आणि पुढचे नऊ दिवस तो दुरुस्त करणारा शहाणाही मीच होतो.

पोंभुर्ण्यातली ही बांबूकाम करणाऱ्या बायांची संस्था. तिचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी आणि भाऊ. भाऊ राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले इलेक्ट्रिशियन. कुठलंही यंत्र उघडण्याआधी ते चपला काढत, खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावत आणि विचारत, "शेवटचा हात कोनाचा लागला?" गजाला हात लावणं ही मला म्हाताऱ्याची देवभक्ती वाटायची. ते अंगातली वीज उतरवत होते, हे फार उशिरा कळलं.

त्या उन्हाळ्यात भाऊंच्या गळ्याला गाठ आली. नागपूरच्या दवाखान्यानं ऑपरेशनची तारीख ईमेलवर कळवू म्हटलं. भाऊंचा पत्ता आमच्याच सर्व्हरवरचा. ते राजुऱ्याला घरी पडून. तारीख पाहून सांगायचं काम माझं.

नेमकी तेव्हाच मला सर्व्हरचा वेग वाढवायची हुक्की आली. चंद्रपुरातून एक जुनी मेमरी पट्टी आणली, दुसऱ्या रिकाम्या खाचेत बसवली, कुणाला बोललो नाही. दोन दिवसांनी सर्व्हर कोसळला. उठवला की तासाभरात पुन्हा आडवा. मी सगळे प्रोग्राम दोनदा नव्यानं टाकले. विजेला दोष दिला, उन्हाला दिला. पट्टीवर संशय घेतला नाही, कारण ती मी बसवली होती.

भाऊ रोज फोन करत.

"काई बदलवलं का रे?"

"नाही भाऊ."

"आठवून पाह्य, बाप्पा."

"काहीच नाही."

पाचव्या दिवशी पट्टी मनात आली. पण चारदा नाही म्हटल्यावर पाचव्यांदा हो म्हणायला जी छाती लागते, ती माझ्याकडे नव्हती.

नवव्या दिवशी ते गळ्याला रुमाल गुंडाळून एसटीनं आले. पेटी उघडली, दोन पट्ट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक काढून ठेवली आणि तपासणी लावली. "एका येळी एकच बदलवाव. नाई तं चोर सापडत नाई." पहिली पट्टी ठणठणीत निघाली. मग माझी एकटी लावली. पडदा चुकांच्या लाल ओळींनी भरला.

"काय झालं होतं जी, भाऊ?" सचिवबाईंनी दारातून विचारलं.

"धूळ होती, बाई."

सर्व्हर उभा राहिला. दवाखान्याचं पत्र मात्र त्यात नव्हतं. सर्व्हरच्या बंद दारावर काही दिवस थांबून ते माघारी गेलं होतं. भाऊंनी तिथूनच नागपूरला फोन लावला. तारीख आदल्या दिवशीची होती. पुढची दीड महिन्यानं. "बरं जी," एवढंच म्हणाले. मग माझी पट्टी माझ्या हातावर ठेवली. "फेक. कोनाले देऊ नोको."

दीड महिन्यानं डॉक्टरांनी गळा उघडला आणि तसाच शिवला. दिवाळीच्या आत भाऊ गेले. पहिल्या तारखेला कापलं असतं तर वाचले असते का, हे डॉक्टरांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

महिनाभरानं राजुऱ्याला गेलो. भाऊंच्या बायको अंगणात तूर पाखडत होत्या. मी पट्टीपासून तारखेपर्यंत सगळं सांगितलं, सांगताना रडलोही. त्यांनी सूप थांबवलं.

"त्याइनं मले यातलं कायीच सांगतलं नव्हतं. तुमचं मन हलकं झालं, बाप्पा. आता हे मी कुठी ठेवू?"