ओव्हाळदादांचे हेडफोन

"अवो बाई, बंद हाय ही मशीन! आत काय वाजतच न्हाई!"

कंपनीच्या दवाखान्यात ओव्हाळदादा ओरडत होते. डोक्यावर हेडफोन, काचेपलीकडे नव्या डॉक्टरीणबाई. सूर ऐकू आला की बोट वर करायचं, एवढीच परीक्षा. फोर्ज शॉपातल्या, म्हणजे तापलं लोखंड ठोकणाऱ्या आणि त्यांच्या आसपासच्या माणसांचे कान तपासायचं कंपनीला त्या वर्षी पहिल्यांदाच सुचलं होतं. पुढचा नंबर माझा, म्हणून मी दारात उभा. 

"आन् कानाला चावतो ह्यो. चिमटा हाय, हेडफोन न्हाई. घ्यायच्या आधी मला इचारायचं तरी!"

विचारायला हवंच होतं. पिंपरीपासून देहूरोडपर्यंत हेडफोनमधलं दादांइतकं कळणारा माणूस नव्हता. तसा त्या काळी हेडफोन लावून घरात गाणी ऐकणाराही दुसरा कोणी नव्हता, पण म्हणून काही मोठेपणा कमी होत नाही.

दादा मोठ्या हॅमरवर होते. तो हॅमर पिंपरीत पडला की चिंचवडला बशीत ओतलेला चहा उडून कपात परत जायचा. भोसरीच्या कोंबड्या आमच्या शिफ्टप्रमाणे अंडी द्यायच्या. यात मी वाढवलेलं फार तर निम्मं आहे. शॉपमध्ये बोलणं म्हणजे ओरडणं, नाहीतर हातवारे. मी शेजारच्या स्टोअरमध्ये, जाड भिंतीआड. सगळेच ओरडायचे, त्यामुळे कोणाला कमी ऐकू यायला लागलंय हे कोणालाच कळायचं नाही. त्याला स्वतःलाही नाही.

हेडफोनचं वेड लागलं ते एका तबकडीपायी. जुनी, लाखेची, जलशाच्या गाण्याची. वर नाव शाहिराचं. कोरसच्या मागे, पार कोपऱ्यात, मंजिरी, म्हणजे बारक्या टाळांची जोडी वाजते. ती वाजवणारे दादांचे वडील. दादा चार वर्षांचे असताना ते गेले. घरात त्यांचा फोटो नव्हता, अंगरखा नव्हता. ही एवढी किणकिण होती. पण चाळीत डाव्या बाजूला स्टोव्ह, उजव्या बाजूला भांडण, मधे मंजिरीला वाव कुठला!

म्हणून आम्ही देहूरोडच्या भंगारवाल्याकडे गेलो. लष्कराच्या वायरलेसवाल्यांचे टाकाऊ हेडफोन तिथे ढिगाने असत. दादांनी सायकलवर रेकॉर्ड प्लेअर आणला होता आणि बिस्किटांच्या डब्यात स्वतः बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर. समोरच्या चहावाल्याच्या दिव्यातून वीज घेतली आणि तीच तबकडी लावून अकरा हेडफोन तपासले. भंगारवाला म्हणाला, "दादा, लगीन जमवताय का हेडफोन घेताय?"

"लगीन एकदा चुकलं तर नात्यातली मान्सं सावरत्यात," दादा म्हणाले. "ह्यात कोन सावरनार?"

बारावा लावला आणि दादा गप्प झाले. गप्प झालेले दादा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मग चाळीतल्या प्रत्येकाला तो हेडफोन लावून झाला. "ऐकू आला का? माझा बा हाय त्यो." अ‍ॅम्प्लिफायरबद्दल म्हणायचे, "बैलासारखा पायजे. वढतोय ते दिसू नये."

चारेक वर्षांनी म्हणाले, "हेडफोन म्हातारा झाला, राव. मंजिरी येईना." माझ्या कानावर चढवला. मंजिरी लख्ख वाजत होती. दादा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी आजवर बिबट्याला उसाने बडवल्याच्या थापा मारल्यात. तेव्हा मारलेली माझी सगळ्यात छोटी थाप. म्हणालो, "हो दादा. येत नाही."

मग पुण्याच्या बुधवार पेठेतून दुसरा आणला. मग तिसरा. प्रत्येक वेळी अ‍ॅम्प्लिफायरही वाढायचा. शेवटचा एवढा तापायचा की वहिनी त्याच्यावर पापड वाळवायच्या. चौथा हेडफोन कोणाच्या तरी मेहुण्याने आखातातून आणलेला, मऊ गाद्यांचा. दादा खूश. "बघ, ह्यात तबकडीची खरखरसुदिक न्हाई! आसा माल पायजे!" माझ्या कानात ती खरखर भजी तळल्यासारखी तडतडत होती. "आता फकस्त मंजिरी आली की झालं," दादा म्हणाले. मी मान डोलावली.

तर, दवाखाना. बाई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही लावा बरं. मशीन बंद आहे का बघू."

मी हेडफोन लावला. दादा माझ्या हाताकडे बघत उभे. "आता बगा बाई, ह्यालाबी न्हाई येनार." बोट खाली ठेवायचं, एवढंच काम होतं. जन्मभराच्या सरावाचं काम. बारीक सूर आला. बोट वर गेलं. परत आला, परत गेलं. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. दादांनी टोपी घातली.

शिफ्ट संपल्यावर सायकली हातात धरून चालत घरी आलो. दादा ओरडले नाहीत, हातवारे केले नाहीत. रस्त्यात काय काय दिसलं ते मला सांगता येणार नाही. एरवी मी सांगितलंच असतं.

घरी त्यांनी तबकडी काढली, सदऱ्याने पुसली. आखाती हेडफोन माझ्या कानांवर बसवला, गाद्या नीट केल्या आणि समोर गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"आपल्या सगळ्या हेडफोनात येत व्हती तुला?"

मी होकाराची मान हलवली.

"पयल्यापास्नं?"

परत हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. वहिनी चहा ठेवून गेल्या. दादांनी सुई टेकवली. खरखर, मग शाहीर, मग कोरस. दादा माझ्या ओठांकडे बघत होते.

"काय करतोय बा?"

मी गाद्या कानांवर दाबून धरल्या.

"वाजवतायत," मी म्हणालो.

त्यांनी कान पुढे केला. मी मोठ्याने परत म्हणालो, "वाजवतायत."