खो-खोत मोडलेला पाय

मंडळी, आज जळगावला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले होते. एक्स-रे बघून ते म्हणाले, "आजी, हे हाड फार पूर्वी मोडलंय. तेव्हा प्लास्टर का नाही केलं?"

सत्तर सालच्या सुमारास सावद्याला हायस्कूलच्या खो-खोच्या सामन्यात मी पडले. आई दवाखान्यात न्यायला निघाली, तर माझे वडील, नाना, म्हणाले, "गावभर झालं तर हिला करून कोण घेईल?" हळदीचा लेप लावला आणि माझी शाळाच बंद केली. पुढे सासरी जन्मभर 'लंगडी' ऐकलं.

त्याच वर्षी क्रिकेट खेळताना भावाचा हात मोडला. नानांनी त्याला लगेच केळीच्या ट्रकमधून जळगावला नेलं.

नाना आता नाहीत. दुपारी भावाला फोन केला. म्हणाला, "अक्का, जुनं कशाला उकरतेस?"

बरोबर आहे, त्याचं हाड जुळलंय. तुमच्या घरी कुणाचं जुळायचं राहिलं?