मे महिन्यातली भरलेली विहीर

मालिनी कांबळे अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या. उल्हासनगरात एका सिंधी सरांच्या क्लासला जाऊन त्या एक्सेल शिकल्या आणि त्या जोरावर भूजलाचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधन संस्थेत लागल्या. हळूहळू तिथलं पानही त्यांच्यावाचून हलेना. पीएचडी झालेली माणसं फाईल घेऊन त्यांच्या टेबलापाशी ताटकळायची. मालिनीताईंना ते आवडायचं, आणि आवडतं हे त्या लपवतही नसत.

मग विनीत कर्णिक विभागप्रमुख म्हणून आला. त्यानं आल्या आल्या सगळ्या मशीनवरची जुनी सॉफ्टवेअर काढली आणि एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस टाकलं, आकडेमोडीसाठी 'आर' टाकलं. म्हणाला, "हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. आतलं सगळं कुणालाही बघता येतं. विज्ञानात असंच हवं."

बोलणं खोटं नव्हतं. पण मालिनीताईंनी वर्षानुवर्षं घासून तयार केलेले मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून आपोआप काम करून घेणाऱ्या आज्ञा, धडाधड बंद पडले. त्या सांगायला गेल्या, तर स्क्रीनवरची नजरही न हलवता तो सगळ्यांसमोर म्हणाला, "नवीन शिकणं जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, मॅडम."

कुणीतरी हसलं. मालिनीताई जागेवर येऊन बसल्या.

त्यानंतर त्यांनी ते सॉफ्टवेअर शिकून घेतलं ते निव्वळ रागानं. घरी व्हिडिओ बघून, कुणाला न सांगता. ऑफिसात मात्र विनीतशी कामापुरतं 'हो' आणि 'नाही'. तोही कमी नव्हता. त्यांचं काम त्यानं परस्पर दुसऱ्यांना वाटून टाकलं.

विहिरींच्या पाण्याच्या पातळीचा अहवाल विनीत स्वतः करत होता. मोजमाप स्वप्नालीचं. ती बदलापूरजवळच्या सोनिवलीची मुलगी, वर्षभर उन्हापावसात तिथल्या विहिरी फिरली होती. एके दिवशी अहवालाचा कच्चा मसुदा मालिनीताईंच्या नजरेस पडला आणि त्या चमकल्या. फाईल उघडताना विनीतनं तारखेची पद्धत अमेरिकन ठेवली होती. महिना आधी, दिवस नंतर. त्यामुळे पाच जुलैची नोंद सात मेला जाऊन बसली होती.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्या गप्प बसल्या. 'होऊ दे याची शोभा,' त्यांच्या मनात आलं.

सादरीकरणाला बाहेरचे तज्ज्ञ आले होते. त्यातले एक वयस्कर गृहस्थ आलेख बघून म्हणाले, "मे महिन्यात विहीर काठोकाठ? बदलापुरात? कुणी मोजलं हे?"

विनीत गोरामोरा झाला. मग वळून म्हणाला, "स्वप्नाली, तू विहिरींवर गेली होतीस, की घरी बसून आकडे भरलेस?"

स्वप्नाली उभी राहिली. तिचे डोळे भरून आले.

"आकडे बरोबर आहेत," मालिनीताई म्हणाल्या. "तारखा उलटल्यात. फाईल उघडताना सरांनी पद्धत बदलली नाही."

विनीतनं तिथंच तपासलं. मग विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"मसुदा बघितला तेव्हाच."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तुमच्याशी बोलायची इच्छा नव्हती."

पुढे दोघांनाही वरून लेखी समज मिळाली. विनीतनं स्वप्नालीची माफी मागितली नाही, मालिनीताईंनी मागितली. कँटीनमध्ये तिच्यासमोर बसून म्हणाल्या, "मला वाटलं, तो एकटाच अडकेल. तुझं नाव येईल हे डोक्यातच आलं नाही गं."

"माझी मोजणी होती, ताई," स्वप्नाली म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं नाव येणार होतं?"

आपला डबा उचलून ती दुसऱ्या टेबलावर गेली. महिन्याभरानं तिनं दुसरा विभाग मागून घेतला.

विनीत अजून तिथंच आहे, मालिनीताईही. एकमेकांना ते फक्त ईमेल लिहितात. नव्या मुलांना लिब्रेऑफिस शिकवायचं काम आता ताईंकडे आहे. कुणी विचारलंच की हे सॉफ्टवेअर कसं आहे, तर त्या म्हणतात, "सॉफ्टवेअर चांगलं आहे. आणणाऱ्याचं मला विचारू नका."